शर्यतीच्या घोड्याचे उत्तरायुष्य

मेळघाटात सिपना नदीच्या खोऱ्यात वसलेल्या सेमाडोह गावी शर्यतीचे मैदान नाही, की उंची घोड्यांची पागा नाही. तेथे गवळ्याच्या दारी म्हैस असते आणि कोरकू शेतकऱ्याच्या गोठ्यात बैलजोडी. अलीकडे अशा जनावरांच्या कानांत १२ आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला दिसू लागला आहे. त्या क्रमांकावरून जनावर कोणाचे, त्याला लाळ-खुरकुताची लस केव्हा टोचली, हे सरकारी दप्तरात पाहता येते. जनावराची नोंद ही त्याची काळजी वाहण्याची पहिली पायरी होय, हे तत्त्व त्यामुळे खेड्यासही अपरिचित राहिलेले नाही. परंतु ज्या प्राण्याची नोंद अत्यंत काटेकोरपणे ठेवली जाते, त्याच्याच बाबतीत ही नोंद आयुष्याच्या मध्यावर थांबते. तो प्राणी म्हणजे शर्यतीसाठी पैदा केलेला थरोब्रेड घोडा.

आजच्या प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा तीन घोड्यांपाशी जाऊन पोहोचते. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ही त्यांची नावे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंतच्या काळात ते इंग्लंडात आले. तेथील वेदरबी यांनी १७९१ साली वंशावळीचा जो ग्रंथ प्रथम काढला, त्याची परंपरा अद्याप खंडित झालेली नाही. भारतातील शिंगरांची नोंद पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ही संस्था ठेवते. शिंगराचा रंग, कपाळावरील टिळा, पायांचे पांढरेपण आणि अंगावरील भोवरे टिपून घेतले जातात. मराठी अश्वपरीक्षक ज्या भोवऱ्यांवरून घोड्याचे शुभाशुभ सांगत, तेच भोवरे आता ओळख पटविण्याच्या कामी येतात. जनुकीय तपासणीने मातापित्यांची खातरजमा होते आणि मानेत तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसविली जाते. एवढी खबरदारी मनुष्याच्या बालकाविषयीही क्वचितच घेतली जात असेल!

ही खबरदारी ज्या कार्यासाठी, ते कार्य मात्र अल्पकाळाचे असते. घोडा दुसऱ्या वर्षी धावू लागतो. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी ही मानाची शर्यत चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. पुढे वेग मंदावतो, किंवा पुढच्या पायाची शीर दुखावते, आणि बहुतेकांचे मैदान लहान वयातच सुटते. घोड्याचे आयुष्य पंचवीस वर्षे व क्वचित त्याहून अधिक असते. म्हणजे मैदानाबाहेरचे आयुष्यच मोठे. मोजक्या घोड्यांना व घोड्यांहून अधिक घोड्यांच्या माद्यांना पैदाशीसाठी ठेवतात. बाकीचे हस्ते परहस्ते विकले जातात. वंशावळीच्या ग्रंथाचा हेतू वंशशुद्धी राखणे हा असल्यामुळे, ज्याला संतती होणार नाही अशा घोड्याचे पुढे काय झाले, हे लिहिण्यास त्यात स्वभावतःच जागा नसते.

या कोऱ्या पानावर काय घडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. फर्डिनंड या घोड्याने १९८६ साली केंटकी डर्बी जिंकली आणि १९८७ साली तो त्या देशातील वर्षाचा सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. पुढे पैदाशीसाठी तो जपानात विकला गेला. तेथे मागणी सरली, मालक बदलले, आणि २००२ साली तो कत्तलखान्यात गेला. ही वार्ता बाहेर आली ती २००३ साली! लाखो लोकांना ज्याचे नाव ठाऊक होते, त्याची ही गत. मग अनामिकांची काय कथा?

यावर उपाय म्हणून काही देशांत निवृत्त घोड्याची स्वतंत्र नोंद सुरू झाली. ब्रिटनमध्ये २००० साली रिट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस ही संस्था निघाली. अमेरिकेत २०१२ साली स्थापन झालेली थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स ही संस्था आश्रयस्थानांची पाहणी करून त्यांना मान्यता देते व साहाय्य पुरविते. ऑस्ट्रेलियात २०२१ साली एका तज्ज्ञगटाने घोड्यांचा जन्मभर माग ठेवणाऱ्या राष्ट्रीय नोंदीचा आग्रह धरला. नोंदीने तीन गोष्टी साधतात. मानेतील क्रमांकावरून घोडा कोठे आहे ते कळते. जुनी दुखापत व स्वभाव लिहिलेला असल्याने घेणाऱ्याची फसगत होत नाही. आणि शिंगराच्या नोंदणीच्या वेळीच थोडी रक्कम बाजूस काढली, तर त्याच्या उत्तरायुष्याची बेगमी होते.

नोंदीबरोबर शिक्षणही हवे. शर्यतीच्या घोड्याला एकच विद्या येते. ती म्हणजे धावणे. लगाम ताणला की तो थांबण्याऐवजी जोर धरतो. म्हणून प्रथम काही आठवडे त्याला विसावा देतात, चंदी कमी करून गवत वाढवितात, मोकळ्या कुरणात सोडतात. त्यानंतर चाबूकस्वार त्याला सावकाश चालणे, स्थिर उभे राहणे, दोन्ही बाजूंस सारखे वळणे हे धडे पहिल्यापासून देतो. असा घोडा पोलो, उड्यांच्या स्पर्धा व रपेटीच्या शाळा येथे वर्षानुवर्षे उत्तम काम करतो. परंतु पातळ कातडीचा व भरपूर खाणारा हा प्राणी थंड हवेच्या ठिकाणी प्रवाशांची ओझी वाहण्यास तट्टासारखा उपयोगी पडत नाही. काम घोड्याला मानवेल असे शोधणे, हाच या व्यवस्थेचा गाभा होय.

भारतात १९६० च्या कायद्याने प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण दिले आहे, आणि २००१ च्या नियमांनी शर्यतीच्या घोड्यांचीही नोंदणी आवश्यक केली. मात्र त्या नियमांचा रोख प्राणी खेळात असेतोपर्यंतच्या काळावर आहे. खेळानंतरचे पान भरावयाचे तर नवे यंत्र उभारावयास नको. क्रमांक मानेत आहे, ग्रंथ पुण्यात आहे. प्रत्येक विक्री, प्रत्येक नवे काम आणि अखेरचा दिवस त्यात लिहिण्याचा दंडक तेवढा घालावयाचा आहे.

हा श्रीमंतांच्या करमणुकीचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. परंतु पावसाळ्यात सेमाडोहच्या रानात एखाद्या मजुराला नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे डसले, तर त्याच्या शिरेत जे प्रतिविष सोडतात, ते घोड्याच्या रक्तापासूनच तयार झालेले असते. ज्या प्राण्याने मैदानावर माणसाची हौस पुरविली आणि रानात माणसाचा प्राण राखला, त्याच्या म्हातारपणाचा हिशेब ठेवणे हा उपकार नव्हे. ती ऋणाची पोच आहे.