टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा, मेंदूचा संशोधक

ताप आला, अंग दुखले की आपण दुकानातून क्रोसिन आणतो. त्यातले पॅरासिटामॉल हे द्रव्य एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, पण ते अडगळीत पडले होते. त्याचे खरे मोल ज्यांनी दाखवले, त्यांच्यातील एका गृहस्थाच्या नावामागे तेव्हा डॉक्टर ही पदवीसुद्धा नव्हती. त्यांचे नाव ज्युलियस ॲक्सेलरॉड.

३० मे १९१२ रोजी न्यूयॉर्कमधील गरीब वस्तीत त्यांचा जन्म झाला. आईवडील पोलंडकडून आलेले ज्यू. वडील टोपल्या विणत. आपल्याकडे बुरुड करतो तेच काम. फी नसलेल्या सिटी कॉलेजातून १९३३ साली ज्युलियस पदवीधर झाले. डॉक्टर व्हायचे होते, पण एकाही वैद्यकीय महाविद्यालयाने घेतले नाही. त्या काळी तेथील अनेक महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवली जाई. जन्म पाहून दार लावणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मग मंदीच्या दिवसांत महिना २५ डॉलरवर प्रयोगशाळेत मदतनीस. पुढे अन्नातील जीवनसत्त्वे तपासण्याची नोकरी. तेथे अमोनियाची बाटली फुटून एका डोळ्याची दृष्टी गेली. तरी दिवसा नोकरी, रात्री वर्ग, असे करून १९४१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. पूर्ण केली. रात्रशाळेत बाकावर डुलक्या घेत शिकलेल्यांना यातले कष्ट कळतील.

१९४६ साली बर्नार्ड ब्रॉडी या शास्त्रज्ञाकडे त्यांना खरे संशोधन करायला मिळाले. ॲसिटॅनिलाइड या वेदनाशामकाने काहींच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होत होती. दोघांनी शोधले की शरीरात त्याचे रूपांतर होऊन वेदना थांबवणारे पॅरासिटामॉल तयार होते; रक्तातील दोषाचे कारण ॲनिलिन हे दुसरेच द्रव्य. मग थेट पॅरासिटामॉलच का देऊ नये? १९४८ साली हे प्रसिद्ध झाले.

नंतर ते सरकारी संशोधन संस्थेत गेले. तेथे पीएच. डी. नाही म्हणून बढती अडली. (कारकुनीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून बरे वाटते!) अखेर १९५५ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी ती मिळवली आणि मेंदूच्या रसायनांकडे वळले.

आपल्या मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीक फट असते. एक पेशी नॉरॲड्रेनलिनसारखे रसायन सोडते आणि निरोप पलीकडे पोचतो. काम झाल्यावर त्या रसायनाचे काय होते? विकर त्याचा नाश करतात, असा समज होता. असे एक विकर ॲक्सेलरॉड यांनीच १९५७ मध्ये शोधले. पण ते बंद पाडले तरी निरोप थांबतच होता! म्हणून त्यांनी व सहकाऱ्यांनी मांजरांना किरणोत्सारी नॉरॲड्रेनलिन टोचले. मज्जा शाबूत होत्या तेथे ते साठले. ज्या बाजूच्या मज्जा काढल्या होत्या तेथे फारसे साठले नाही. म्हणजे सोडलेले रसायन मज्जापेशीच परत ओढून घेते. १९६१ सालच्या सुमारास हे सिद्ध झाले. आणखी एक उलगडा झाला. इमिप्रामिन हे औषध खिन्न रुग्णांना गुण देत होते, पण कसे ते कोणाला ठाऊक नव्हते. ते ही परत ओढण्याची क्रिया अडवते, असे दिसले. सिरोटोनिनबाबत हेच तत्त्व वापरून पुढे फ्लुओक्सेटिन आले. अमेरिकेत त्याला १९८७ साली परवानगी मिळाली. आज आपल्याकडेही डॉक्टर ते लिहून देतात.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. आपल्या वस्त्यांत अजूनही एखादी बाई खिन्न झाली, खाईनाशी झाली, की "बाहेरचे लागले" म्हणून देवऋषी गाठला जातो. कोणी डॉक्टरकडे नेले, तर आठ दिवसांत गुण नाही म्हणून गोळ्या फेकल्या जातात. या औषधांना गुण यायला काही आठवडे लागतात. रसायन परत ओढणे तर काही तासांतच अडते, मग इतका वेळ का, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. पण डॉक्टरांना न विचारता गोळी एकदम सोडल्यास त्रास होऊ शकतो, हे पक्के.

१९७० चे नोबेल पारितोषिक ॲक्सेलरॉड यांना बर्नार्ड कॅट्झ व उल्फ फॉन ऑयलर यांच्यासह मिळाले. १९८४ साली निवृत्त होऊनही ते प्रयोगशाळेत जातच राहिले. २९ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.