प्रोग्रॅमिंगची शाळा, भाग ७ : वेग मोजायचा काटा

कापसाचा हंगाम सुरू झाला की वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या शिवारातून भरलेल्या गाड्या हिंगणघाटच्या जिनिंगकडे निघतात. तिथल्या काट्यावर प्रत्येक गाडी दोनदा चढते, आधी भरलेली आणि माल उतरवल्यावर रिकामी. दोन्ही वजनांची वजाबाकी केली की कापूस किती ते कळते. प्रोग्रॅमचा वेग मोजतानाही अशीच वजाबाकी लागते, आणि नवखे लोक नेमकी तीच गाळतात.

मागच्या भागात कापूस खरेदीच्या पावत्यांवरून गावनिहाय बेरीज काढणारा छोटा पायथन प्रोग्रॅम पाहिला. ती बेरीज दोन तऱ्हांनी काढता येते. एकीत दर गावासाठी सगळ्या पावत्या नव्याने चाळायच्या. दुसरीत पावत्या एकदाच चाळायच्या आणि डिक्शनरीत ज्या त्या गावाच्या खात्यावर वजन चढवत जायचे. दुसरी तऱ्हा जलद, हे ऐकून पटते. पण किती जलद, आणि किती पावत्यांपासून पुढे? बहुतेक जण अशा वेळी कोडच्या आधी एक आणि नंतर एक अशी घड्याळाची ओळ टाकतात, आकडा पाहतात आणि त्या ओळी पुसून टाकतात. महिन्याभराने दुसऱ्या कोणी तो आकडा तपासायचा म्हटला तर हाती काहीच उरलेले नसते.

या सवयीची किंमत किती मोठी असू शकते, हे एका मराठी माणसाच्या संशोधनाच्या इतिहासात दिसते. नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले. १९७८ मध्ये ते आयआयटी मुंबईतून पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेले. १९८४ मध्ये त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी रीत मांडली. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त फायद्याची किंवा कमीत कमी खर्चाची वाटणी शोधणारे हे गणित विमान कंपन्यांपासून तेलशुद्धीकरणापर्यंत सगळीकडे लागते. तोवर या क्षेत्रात जॉर्ज डान्ट्झिग यांच्या १९४७ च्या सिम्प्लेक्स पद्धतीचे राज्य होते. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी करमरकरांची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली.

गणिती सिद्धता भक्कम होती. वाद पेटला तो वेगावरून. काही उदाहरणांत नवी रीत सिम्प्लेक्सच्या ५० पट जलद चालते, असे सांगितले जात होते. पण कोड आणि त्याचे तपशील कंपनीने व्यापारी गुपित म्हणून राखून ठेवले होते. इतर संशोधकांनी आपापल्या परीने ती रीत कोडमध्ये उतरवली, आणि त्यांना तसा वेग काही दिसेना. कोणाचा कोड चांगला, कोणाचे उदाहरण सोयीचे, कोणाचे यंत्र वेगळे, हे ठरवायला दोन्ही बाजूंना मान्य असा काटाच नव्हता.

तो काटा उभा राहिला, आणि तोही बेल लॅब्जच्याच डेव्हिड गे यांच्या हातून. १९८५ मध्ये त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची उदाहरणे एका ठरावीक साच्यात गोळा केली आणि नेटलिब या सेवेवरून ती कोणालाही ईमेलने मिळतील अशी सोय केली. त्यातले ‘अफिरो’ हे उदाहरण जेमतेम २७ अटी आणि ३२ चलांचे. इतर कितीतरी मोठी. पुढे करमरकर आणि बर्कलीचे इलान अ‍ॅडलर यांच्यासह चौघांनी आपला कोड अशा प्रमाण उदाहरणांवर चालवला, मिनोस ४.० या सिम्प्लेक्स कोडशी त्याची तुलना केली आणि आपला कोड सरस ठरल्याचे १९८९ मध्ये छापले. आता कोणालाही तीच उदाहरणे घेऊन पडताळा पाहता येत होता. करमरकरांच्या पद्धतीला पुढे जो मान मिळाला, त्यात या उदाहरणसंचाचा वाटा फार मोठा आहे.

पुण्याचा ‘एका’ महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला, तोही अशाच सामाईक मोजणीवर. लिनपॅक ही चाचणी सगळ्या यंत्रांना एकाच प्रकारची समीकरणे सोडवायला लावते. ‘एका’ची कागदावरची कमाल क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स होती, चाचणीत भरली ११७.९. यादीत क्रमांक लागला तो दुसऱ्या आकड्यावर.

आता आपला काटा. त्याचे पहिले लक्षण म्हणजे तो मोजल्या जाणाऱ्या कोडपासून वेगळा हवा. एक फंक्शन लिहायचे, त्याला कोणतेही दुसरे फंक्शन आणि माहिती तयार करून देणारे तिसरे फंक्शन द्यायचे. माहितीची तयारी घड्याळ सुरू होण्याआधी उरकायची, आणि दर फेरीला माहिती ताजी द्यायची. हा शेवटचा नियम पाळला नाही तर काय होते? पायथनची यादी जागच्या जागी क्रमाने लावणारी ‘सॉर्ट’ घ्या. पहिल्या फेरीत यादी विस्कळीत असते, दुसऱ्या फेरीला ती आधीच लागलेली असते, आणि पायथनचा टिमसॉर्ट लागलेल्या यादीवर एका फेरफटक्यात काम संपवतो. आकडा सुंदर येतो आणि साफ खोटा असतो.

घड्याळ म्हणून ‘पर्फ काउंटर’ वापरावा. भिंतीवरच्या वेळेसारखी दिसणारी साधी वेळ इंटरनेटवरून दुरुस्त होताना मध्येच पुढेमागे सरकू शकते. काम फार छोटे असेल तर ते अनेकदा चालवून एकूण वेळेला फेऱ्यांच्या संख्येने भागावे; पायथनसोबत येणारा ‘टाइमइट’ आपोआप फेऱ्या ठरवताना एकूण वेळ किमान ०.२ सेकंद होईपर्यंत त्या वाढवत नेतो. रिकामी गाडी इथे तोलायची : काहीच न करणारे फंक्शन तितक्याच वेळा चालवून तो वेळ वजा करायचा.

मग ही सगळी मोजणी पाचेक वेळा करावी. सरासरी घेण्याचा मोह होतो, पण टाइमइटच्या माहितीपत्रात सर्वांत कमी वेळेकडे पाहायला सांगितले आहे. जास्तीचे आकडे बहुधा त्याच वेळी चाललेल्या दुसऱ्या कामांमुळे वाढलेले असतात. निव्वळ आकडेमोडीच्या कोडसाठी हे बरोबरच आहे. नेटवर्कची किंवा डिस्कची वाट पाहणाऱ्या कोडला मात्र मधला आणि सर्वांत वाईट आकडाही छापावा, कारण खिडकीवर उभ्या शेतकऱ्याला त्या वाईट आकड्याइतकेच थांबावे लागते.

घड्याळ लावण्याआधी दोन्ही तऱ्हांची बेरीज एकच येते का, हे तपासणारी ओळ काट्यातच असावी. चुकीचे उत्तर लवकर मिळून कोणाचे भले होत नाही. नंतर १००, १,०००, १०,००० आणि १ लाख पावत्यांवर दोन्ही तऱ्हा चालवाव्यात. गावांची संख्याही वाढवून पाहावी, कारण पहिल्या तऱ्हेचा वेळ पावत्या गुणिले गावे या हिशेबाने फुगतो. चार गावांवर केलेल्या मोजणीत ही गोष्ट दिसतच नाही.

शेवटी निकालाची फाइल. तारीख, यंत्र, पायथनची आवृत्ती, पावत्यांची आणि गावांची संख्या, आणि निवडक नव्हे तर सगळे आकडे तिच्यात जावेत. लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर, हेही लिहावे. बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपला वेग आवरतात, आणि लोडशेडिंगच्या काळात केलेली मोजणी वीज असतानाच्या मोजणीशेजारी ठेवली तर कोड न बदलताही तो मंदावल्यासारखा दिसतो. पुढच्या भागात हीच फाइल घेऊन कोडमधल्या प्रत्येक बदलानंतर जुने आणि नवे आकडे आपोआप ताडून पाहायची सोय करायची आहे. तोवर वाचकांनी किमान दोन वेगळ्या यंत्रांवरच्या नोंदी जमवून ठेवाव्यात.