कॉम्प्युटरची मेमरी : सर्व्हे नंबर एकच, गावं अनेक

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न आलाय, तोच धरून पुढे जाऊ. खोपोलीहून आलेल्या एक ताई ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतात. कॉम्प्युटर 4 जीबी रॅमचा, आणि दुपारनंतर तो अडकायला लागतो. विकणारा म्हणतो, नवीनच घ्या. ताई विचारतात, नुसती रॅम वाढवून भागणार नाही का? नव्या मशीनचे पैसे म्हणजे दुकानाची काही महिन्यांची कमाई. तेव्हा उत्तर जरा मुळापासून बघू.

रॅम म्हणजे एकापुढे एक लावलेले कप्पे. एका कप्प्यात एक बाइट, आणि प्रत्येक कप्प्याला नंबर. नंबर किती आकडी लिहिता येतो, त्यावर कप्पे किती ते ठरतं. 1981 च्या आयबीएम पीसीत हा नंबर 20 बिटांचा होता, म्हणजे 10,48,576 कप्पे, एक एमबी. त्यातले वरचे 384 केबी स्क्रीन, बायॉस आणि जोडलेली कार्डं यांच्यासाठी राखीव. प्रोग्रामला उरले 640 केबी. आज मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही! (हशा) त्या काळात डॉसवर मराठी उमटवायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवत. तेव्हा एका अक्षरचिन्हाला एक बाइट पुरायचा. आज यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘कर्जत’ लिहा : क, र, हलन्त, ज, त. पाच चिन्हं, पंधरा बाइट.

आता खरी गंमत. एकाच वेळी ब्राउझर, वर्ड, प्रिंटरचा प्रोग्राम, सगळे चालू असतात. मग एकमेकांच्या कप्प्यात हात कसे घालत नाहीत?

सातबारा आठवा. सर्व्हे नंबर 12 नेरळला असेल, दहिवलीला असेल, तिकडे चौकलाही असेल. भांडण होत नाही, कारण नंबरासोबत गाव असतं. तसंच इथे. प्रत्येक प्रोग्राम म्हणजे एक गाव, त्याचे नंबर त्याच्यापुरते. तो नंबर खऱ्या रॅममध्ये कुठे पडतो, याची वही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते आणि प्रोसेसर ती वाचतो. नोंद एकेका बाइटची नाही, 4 केबीच्या तुकड्याची. त्याला पेज म्हणतात. ही सोय इंटेलच्या 80386 मध्ये, 1985 साली आली. दाखला इथे थोडा लंगडतो म्हणा : गावाची जमीन एका जागी असते, प्रोग्रामची पेजेस मात्र रॅमभर विखुरलेली चालतात.

रॅम भरली की काय होतं? बराच वेळ न वापरलेली पेजेस सिस्टीम डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि वहीत तशी नोंद करते. लागली की परत आणते. अडतं ते या ने-आणीत. रॅममधून वाचायला जर एक सेकंद लागला असं धरलं, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला त्याच हिशेबात साधारण लाखभर सेकंद, म्हणजे एका दिवसाहून जास्त. ताईंच्या दुकानात दुपारपर्यंत ब्राउझरच्या वीस टॅब उघड्या असतात. एक टॅब आत आणायला दुसरी बाहेर, लगेच ती परत आत. मशीन फक्त हमाली करत बसतं.

तर ताई, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरमध्ये, अडकलेलं असतानाच, मेमरी आणि डिस्क दोन्ही बघा. दोन्ही शंभर टक्क्यांजवळ असतील तर रॅम वाढवा; जमलं तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडीही घाला. मेमरी निम्मी रिकामी असेल तर रॅमवर पैसे घालवू नका, दुखणं दुसरं आहे. आणि खरेदीआधी विंडोज 32-बिट आहे का ते पाहा. 32 बिटांत नंबर 4 जीबीपर्यंतच जातात, घरगुती विंडोज त्यापलीकडची रॅम वापरतच नाही. तिथे आधी 64-बिट विंडोज, मग रॅम.

(श्रोत्यांतून प्रश्न : लाइट गेल्यावर भरलेला फॉर्म पेज फाइलमधून परत मिळतो का?)

नाही हो. पेजेस डिस्कवर असतील, पण कुठलं पेज कुणाचं ती वही रॅममध्ये होती, तीच गेली. पावसाळ्यात आपल्याकडे लाइटचा काय भरवसा! अर्ध्यात ‘सेव्ह ड्राफ्ट’ दाबा, आणि नव्या रॅमआधी एक छोटा यूपीएस घ्या.