उत्खननातील मानवी अवशेष आणि कायदेशीर कर्तव्ये : एक विवेचन

प्रस्तुत लेखात पुरातत्त्वीय उत्खननात अथवा बांधकामाच्या खोदाईत मानवी अवशेष आढळल्यास कोणती कायदेशीर कर्तव्ये उद्भवतात, याचा विचार केला आहे. हा विषय दहिसरच्या प्राध्यापकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. मंडपेश्वराचे शैव लेणे व त्यावरील पोर्तुगीजकालीन चर्चचे भग्नावशेष आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. पलीकडच्या कान्हेरीत दिवंगत स्थविरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या स्तूपांची रांग आहे. तेथीलच एका स्तूपातून 1839 मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी राख असलेली दोन तांब्याची पात्रे बाहेर काढली. त्या राखेविषयी कोणाला कळवावे, ती कोणाच्या ताब्यात द्यावी, असा प्रश्न त्यांना पडण्याचे कारण नव्हते. तसा कायदाच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण इनामगावचे होय. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केले. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांस जोडून, घराच्या जमिनीखालीच पुरलेले होते. प्रौढांच्या पायांचे घोट्याखालील भाग बहुधा तोडलेले आढळले. आहार, रोग, बालमृत्यू यांविषयी आज आपण जे ठामपणे बोलतो, ते या अस्थी जपून ठेवल्या गेल्या म्हणून. परंतु त्या जपण्याचे कर्तव्य कोणत्या कायद्याने घातले होते, असे विचारल्यास उत्तर अवघड होते.

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, 1958 मध्ये ‘प्राचीन स्मारक’ या संज्ञेत शंभर वर्षांपेक्षा कमी जुनी नसलेली दफनस्थाने स्पष्टपणे अंतर्भूत आहेत. संरक्षित क्षेत्रात पुरातत्त्व अधिकारी अथवा परवानाधारकाव्यतिरिक्त कोणी उत्खनन करू शकत नाही (कलम 21). सापडलेल्या पुरावस्तूंची तपासणी करून केंद्र शासनास अहवाल देणे बंधनकारक आहे (कलम 23). मात्र याच कलमाची पुढील भाषा सक्तीच्या संपादनाची आहे. नाणे, मूर्ती, मणी यांना ती लागू पडते. हाडांना ती कशी लावावी? पुरावस्तू व कलासंग्रह अधिनियम, 1972 मध्येही ‘ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू’ या व्यापक शब्दप्रयोगात अस्थी बसवाव्या लागतात, नावाने त्यांचा उल्लेख नाही. भूमिगत निधी अधिनियम, 1878 नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. म्हणजे कुंभातील सोन्याच्या मण्याची सूचना द्यावी लागेल, शेजारच्या कवटीची नाही! आमच्या मते ही या कायद्यांतील गंभीर त्रुटी आहे.

फौजदारी कायद्याची बाजू अधिक तातडीची आहे. शास्त्रशुद्ध उत्खननात थरांचा क्रम, सोबतची मृत्पात्रे यांवरून दफनाचे प्राचीनत्व तत्काळ ध्यानी येते. याउलट, इमारतीच्या पुनर्विकासासाठी पाया खणणाऱ्या मजुराला हाड कालचे की दोन हजार वर्षांपूर्वीचे, हे कळणे अशक्य. म्हणून अशा ठिकाणी काम थांबवून प्रथम पोलिसांना कळविणे हाच सुरक्षित मार्ग होय. संशयास्पद मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 194 नुसार होते (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 174). अवशेष प्राचीन असल्याचे निष्पन्न झाल्यास पुरातत्त्व विभागाचे काम सुरू होते. जुन्या कबरस्तानाचा प्रश्न आणखी वेगळा. तेथून मृतदेह उकरण्यास मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 अन्वये आयुक्तांची लेखी परवानगी लागते; आणि कोणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने अथवा त्या दुखावतील हे ठाऊक असताना दफनभूमीत अतिक्रमण वा मृतदेहाची विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खालील अपराध आहे.

येथे अभ्याससहलीस विद्यार्थी नेणाऱ्या सहकाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते. उघडे पडलेले हाड उचलून, धुऊन, विभागाच्या कपाटात ठेवण्याचा मोह आवरावा. राखीगढीच्या 61 नमुन्यांपैकी केवळ एकाच नमुन्यातून वापरण्याजोगा प्राचीन डीएनए मिळाला, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. उष्ण हवामानात आधीच दुर्मीळ असलेला हा पुरावा हातांच्या स्पर्शाने आणखी दूषित होतो. छायाचित्र घ्यावे, जागा नोंदवावी, हात लावू नये.

इंग्लंडमध्ये दफन केलेले अवशेष हलविण्यासाठी 1857 च्या दफन कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने मूलनिवासी जमातींना पूर्वजांच्या अस्थी परत मागण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नसल्याचा परिणाम गुजरातमधील वडनगर येथे दिसला. 2019 मध्ये तेथे ध्यानस्थ बैठकीतील सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मानवी सांगाडा मिळाला. तो काळजीपूर्वक उचलला गेला, परंतु ठेवायचा कोठे व कोणी, हे ठरेना. अनेक वर्षे तो ताडपत्रीच्या तात्पुरत्या मंडपात पडून राहिला आणि मे 2025 मध्ये तेथील संग्रहालयाच्या आवारात हलविण्यात आला.