घरबसल्या पदवी : खरे काय, खोटे काय?



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीबरोबर आणखी एका गोष्टीची चर्चा सुरू होते. पोराला कुठे घालायचे? तालुक्याच्या कॉलेजात, की पुण्या-मुंबईला? पोरगी असेल तर हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारलाच जात नाही. अलीकडे या चर्चेत ‘ऑनलाइन पदवी’ हा नवा शब्द आला आहे. कोणी म्हणतो, मोबाईलवर बी.कॉम. होता येते. कोणी म्हणतो, त्या कागदाला काडीची किंमत नाही. आणि एखादा हळूच कानात सांगतो, एजंटाला पैसे दिले की अभ्याससुद्धा करावा लागत नाही. या तिघांपैकी पहिल्याचे बरोबर आहे, दुसऱ्याचे चूक आहे आणि तिसरा फसवतो आहे किंवा स्वतः फसला आहे. कसे ते पाहू.

हे समजून घ्यायचे तर आधी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीकडे पाहिले पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी घरांतला एखादा भाऊ, पुतण्या, जावई नोकरीनिमित्त तिकडेच राहतो. कॉलेजात रोज न जाता पदवी मिळविण्याची वाट तिकडच्या नोकरदारांनी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी तुडविलेली आहे.

टपालाने येणारे कॉलेज

आपल्या देशात पत्रद्वारा पदवी शिक्षणाची सुरुवात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने केली. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली आपला पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग काढला. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडातही ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले होते. मुंबईच्या या विभागाचे नाव पुढे बदलत गेले. काही काळ तो दूर व मुक्त अध्ययन संस्था होता, आज तो दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र म्हणून ओळखला जातो. काम मात्र तेच: ज्याला रोज वर्गात बसता येत नाही, त्याच्यापर्यंत अभ्यास पोचविणे.

ठाणे जिल्ह्यातील नोकरदाराला याची गरज का होती, हे रेल्वेचे अंतर पाहिले की कळते. कल्याणपासून बोरीबंदर सुमारे ५४ किलोमीटर. जलद लोकलनेसुद्धा तासाच्या वर वेळ जातो. म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास गाडीत, आठ तास कामावर, आणि घर ते स्टेशन चालणे वेगळेच. अशा माणसाने कॉलेजात जायचे कधी? म्हणून कॉलेजच त्याच्याकडे टपालाने आले.

आमच्या भावकीतला एक मुलगा बारावीनंतर डोंबिवलीला चुलत्याकडे गेला आणि मस्जिद बंदरला एका पेढीवर चिकटला. त्याने पत्रद्वारा बी.कॉम. केले. आज तो निवृत्त आहे. अभ्यास कसा केलास म्हणून विचारले तर म्हणतो, “बसायला चौथी सीट मिळाली तर वाचन, नाही मिळाली तर उभ्याने मनातल्या मनात उजळणी. घरात एकच खोली, तिथं कसला अभ्यास होतोय!” बढतीच्या वेळी त्याच पदवीचा कागद त्याने टेबलावर ठेवला, आणि तो चालला.

यशवंतरावांच्या नावाचे विद्यापीठ

पुढे देशभर मुक्त विद्यापीठांची चळवळ सुरू झाली. १९८२ साली आंध्र प्रदेशात पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले. महाराष्ट्राने जुलै १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन केले आणि त्याला यशवंतराव चव्हाणांचे नाव दिले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. देवराष्ट्र्याच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या आणि राज्यात सहकाराला बळ देणाऱ्या नेत्याचे नाव या विद्यापीठाला मिळाले, हे आपणा सभासदांना वेगळे समजावून सांगायला नको. ऊस पिकविणारा जसा कारखान्याचा मालक झाला, तसाच शाळा सुटलेला माणूस पुन्हा विद्यार्थी व्हावा, ही त्यामागची दृष्टी. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सबंध महाराष्ट्र असून कोल्हापूर, पुणे, मुंबई, नाशिक अशी त्याची विभागीय केंद्रे आहेत.

टपाल गेले, मोबाईल आला

जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हे संकेतस्थळ सुरू केले. तिथे नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. परंतु खरा बदल झाला तो मार्च २०२० मध्ये. कोरोनाने कॉलेजे बंद पडली, सर्वसामान्यांसाठी लोकलही थांबली, आणि ठाणे-कल्याणच्या मुलांचे तास मोबाईलवर भरू लागले. आपल्याकडेही पोरे रेंज शोधत माळावर जाऊन बसत होती, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

ती घाईची सोय होती, आणि तिच्यातले दोषही दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाच्या ऑनलाइन परीक्षेत संगणक यंत्रणा कोलमडून पेपर पुढे ढकलावे लागले होते. परंतु त्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षण व ऑनलाइन अभ्यासक्रमांची नवी नियमावली जाहीर केली. आज जी मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी मिळते, ती या नियमावलीप्रमाणे.

तिच्यात शिक्षण चार अंगांनी द्यायचे असते: व्याख्यानाचे चित्रण, वाचायचे साहित्य, शंका विचारण्याची सोय आणि स्वतःची चाचणी. गुणांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के वर्षभराच्या कामाला आणि किमान ७० टक्के सत्राच्या अखेरच्या परीक्षेला. म्हणजे परीक्षा चुकत नाही. ती केंद्रावर असो की संगणकावर, देखरेखीखालीच द्यावी लागते.

दूरशिक्षण आणि ऑनलाइन यांत एक फरक लक्षात ठेवा. दूरशिक्षणात छापील पुस्तके आणि संपर्क-तास यांवर भर असतो आणि राज्यातील विद्यापीठाला ते आपल्या हद्दीतच चालविता येते. आपल्या कारखान्याला जसे कार्यक्षेत्र, तसेच. ऑनलाइन अभ्यासक्रमाला मात्र अशी हद्द नाही. गावात बसून दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाची पदवीही घेता येते.

या पदवीला किंमत आहे काय?

आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अनुदान आयोगाने स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन मिळविलेली पदवी ही नेहमीच्या कॉलेजातील पदवीच्या बरोबरीची समजावी. तेव्हा “घरबसल्या घेतलेली पदवी म्हणजे दुय्यम” हे म्हणणे आता चालणार नाही.

परंतु सगळ्याच विषयांना ही मुभा नाही. वैद्यकीय, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, परिचारिका, कायदा यांच्या पदव्या अशा रीतीने देता येत नाहीत. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे कृषी आणि उद्यानविद्या या विषयांच्या पदव्याही याच यादीत आहेत. माती हातात घेतल्याशिवाय शेतीची पदवी कशी द्यायची, हा विचार शेतकऱ्याला तरी पटण्यासारखा आहे. कोणी “ऑनलाइन बी.एस्सी. ॲग्री करून देतो” म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पैसे भरण्यापूर्वी

जवळच्याच एका गावातील सभासदाने उसाच्या बिलातून मुलाच्या पदवीसाठी एका एजंटाला रक्कम दिली. “एका वर्षात तीन वर्षांची पदवी, परीक्षेचं आम्ही बघतो,” असे आश्वासन होते. कागद आला, रंगीत होता, शिक्काही होता. नोकरीच्या ठिकाणी पडताळणी झाली तेव्हा तो कुठल्याच कामाचा नाही हे कळले. पैसे गेले ते गेलेच, मुलाची उमेदीची वर्षे गेली. असे कोणाचे होऊ नये म्हणून पुढील गोष्टी तपासूनच प्रवेश घ्यावा:

१. अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते. तिच्यात विद्यापीठाचे नाव, नेमका अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे सत्र, ही तिन्ही पाहावीत. विद्यापीठ मान्य पण तो अभ्यासक्रम मान्य नाही, असेही असू शकते.

२. पदवीची मुदत कमी होत नाही. कॉलेजात जितकी वर्षे, किमान तितकीच इथे. “सहा महिन्यांत पदवी” हे शब्द ऐकले की उठून यावे.

३. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम फ्रँचायझीने दुसऱ्याला चालवायला देता येत नाही. आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. म्हणून फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरावी व पावती जपून ठेवावी.

४. २०२४ पासून प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, काढावा लागतो. जो हा क्रमांक मागतच नाही, त्याचा संशय घ्यावा.

लागणीला बेणे आणताना आपण डोळा बघतो, कांडी मोडून बघतो, कुणाच्या मळ्यातले ते विचारतो. पोराच्या शिक्षणाला निदान तेवढी तरी चौकशी हवी.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

आता थोडे स्पष्ट बोलू. ज्या अठरा वर्षांच्या मुलामुलीला कॉलेजात जाणे शक्य आहे, त्याने कॉलेजातच जावे. वर्गातले मित्र, ग्रंथालय, प्रयोगशाळा, चार शिक्षकांची ओळख या गोष्टी मोबाईलच्या काचेतून येत नाहीत. एसटीचे भाडे वाचते म्हणून पोराला घरी बसवू नका.

ही वाट आहे ती ज्याची वाट मध्येच अडली त्याच्यासाठी. वडील गेले म्हणून शिक्षण सोडून शेती सांभाळणारा मुलगा. पदवी नाही म्हणून वरच्या जागेला अर्ज करता येत नाही असा कारकून. आणि सर्वांत जास्त, आपल्या लेकी-सुना.

आमच्याच गावची एक लेक कल्याणला दिली. कॉलेजचे पहिले वर्ष झाले आणि लग्न ठरले, पुस्तके माळ्यावर गेली. दोन मुले शाळेत जायला लागल्यावर तिने दूरशिक्षणाने पुन्हा नाव घातले. घरातून विचारणा झाली, “आता शिकून काय करायचंय?” ती काही बोलली नाही. पहाटे पाचला उठायची, डबे होईपर्यंत मोबाईलवर व्याख्यान लावून ठेवायची, दुपारी वहीत उतरवून काढायची. पदवी झाली. आता ती एका पतपेढीत हिशेब बघते. तिच्या माहेरी, म्हणजे आपल्याच शिवारात, तिची धाकटी जाऊबाई शोभावी अशा वयाच्या किती सुना बारावीवर थांबल्या आहेत, ते ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

एवढे खरे की या वाटेवर हाकणारा कोणी नसतो. घंटा होत नाही, हजेरी घ्यायला मास्तर येत नाहीत. नाव घालणारे पुष्कळ, शेवटपर्यंत टिकणारे त्या मानाने थोडे. तिकडच्या नोकरदाराला लोकलने निदान ठरलेली वेळ दिली होती. आठ-वीसची गाडी म्हणजे आठ-वीसचा अभ्यास. आपल्याकडे आज तोडणीची टोळी आली, उद्या रात्रीची पाण्याची पाळी आली, परवा पाहुणे आले. म्हणून रोजचा एक तास ठरवावा, आणि तो घरातल्या सर्वांनी पाळावा. सून अभ्यासाला बसली की तिला चहासाठी हाक मारायची नाही, एवढे जरी सासऱ्याने ठरविले तरी निम्मी पदवी झाली असे समजावे.

प्रवेशाची सत्रे साधारणपणे दोन असतात, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. पहिले आपल्या आडसाली लागणीच्या दिवसांत येते, दुसरे भर गाळपात. दोन्ही वेळी आपण कामात असतो आणि तारीख निघून जाते. तेव्हा दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो आधीच एका पिशवीत काढून ठेवावेत.

आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो आणि आपण धीर धरतो. पदवीला तीन वर्षे लागतात. घरात ज्याचे किंवा जिचे शिक्षण अर्धवट राहिले आहे, त्याच्याशी या आठवड्यात एकदा बोला. पुन्हा शिकायचे का, एवढे विचारा.