विश्लेषण : हिंगोलीतील ‘लिगो’च्या आरशांत घर्षण कसले?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात ‘लिगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ही वेधशाळा किती दूरचे ‘ऐकू’ शकेल, हे आरशांवरच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावरही अवलंबून असेल.

आरशांवर थर कशासाठी?

‘लिगो’च्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतात. त्यांच्या टोकांना शुद्ध सिलिका काचेचे सुमारे ४० किलोंचे आरसे टांगलेले असतात. नुसती काच लेसरचा फारच थोडा प्रकाश परतवते. म्हणून तिच्यावर सिलिका आणि टँटलम ऑक्साइडचे पातळ थर आलटून-पालटून चढवतात.

मग घर्षण कुठे होते?

आरशाला काहीच घासत नाही. घर्षण थराच्या आत असते. हे थर अस्फटिकी, म्हणजे त्यांतील अणूंची रचना विस्कळीत असते. उष्णतेमुळे काही अणू जागा बदलत राहतात. देवळातली चांगली घंटा एकाच सुरात बराच वेळ घुमते, तडा गेलेली बद्द वाजते. तसेच अंतर्गत घर्षण जास्त असेल, तर उष्णतेची थरथर एका सुरात न राहता सगळीकडे पसरते. ‘लिगो’ला प्रोटॉनच्या आकाराच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल मोजायचा असतो. तो या थरथरीत हरवू शकतो.

हायड्रोजनने काय साधते?

यंत्रांच्या भागांवर हायड्रोजनयुक्त अस्फटिकी कार्बनचा लेप देतात. कार्बनचे मोकळे बंध हायड्रोजन बांधून टाकतो. त्यामुळे पृष्ठभाग एकमेकांना चिकटत नाहीत. कोरड्या नायट्रोजनमध्ये असे घर्षण जवळपास नाहीसे होते, दमट हवेत मात्र वाढते. अस्फटिकी सिलिकॉनमध्येही सुमारे एक टक्का हायड्रोजन मिसळल्यावर अतिथंड तापमानात अंतर्गत घर्षण कमालीचे घटल्याचे १९९७ मध्ये दिसले.

मग तोच थर का वापरत नाहीत?

सिलिकॉन ‘लिगो’च्या लेसरचा थोडा प्रकाश शोषतो आणि त्याने आरसा तापतो. म्हणून सध्या टँटलम ऑक्साइडमध्ये टायटॅनियम ऑक्साइड मिसळून घर्षण कमी केले जाते. पुढचा पर्याय म्हणून जर्मेनियम व टायटॅनियम ऑक्साइडच्या मिश्रणावर संशोधन सुरू आहे.

यातून काय मिळेल?

वेधशाळेचा एकूण गोंगाट निम्मा झाला, तर ती दुप्पट अंतरावरच्या घटना टिपू शकते. अंतर दुप्पट झाले, की अवकाशाचे घनफळ आठपट होते. म्हणजेच कृष्णविवरांच्या टकरीही साधारण आठपट जास्त सापडतील.