रुग्णपत्रक : वैद्याचे संरक्षण, रुग्णाचे गुपित

रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, असा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला केलेला आहे. आज या कर्तव्यामागे कायद्याचे बळही उभे आहे. उदगीर, देगलूर, मुखेडसारख्या गावी वैद्य, औषध दुकानदार आणि रुग्णाचे सोयरे परस्परांना ओळखतात. तेथे आजाराचा एक शब्द बाहेर गेला, तरी ठरलेली सोयरीक मोडू शकते. म्हणून दायित्व आणि गोपनीयता या दोन्ही विषयांचा आम्ही येथे एकत्र विचार करीत आहोत.

कायदेशीर दायित्व

सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 1995 रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. काही रुग्णांकडून शुल्क घेणाऱ्या चिकित्सकाविरुद्ध त्याचा विनामूल्य रुग्णही तक्रार करू शकतो. सध्याच्या 2019 च्या कायद्यानुसार तक्रारीची मुदत साधारणतः 2 वर्षांची आहे.

‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ (1996) हे प्रकरण मुंबईतील. होमिओपॅथीच्या चिकित्सकाने अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली. अधिकार नसलेल्या पद्धतीने चिकित्सा करणे हाच निष्काळजीपणा होय, असे न्यायालयाने ठरविले. ‘जेकब मॅथ्यू’ निकालाने (2005) मात्र दिलासा दिला. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. केवळ उपचारास यश न येणे हा गुन्हा नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 कडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास कमाल शिक्षा 5 वर्षांची आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास ती 2 वर्षांपर्यंतच आहे. परंतु या सवलतीची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 खालील पात्रता व नोंदणीपुरती मर्यादित आहे. कलमाचे शब्द पाहता केवळ आयुर्वेदाची नोंदणी असलेला वैद्य तीत बसत नाही. आपण अधिक सावध असणे अगत्याचे आहे.

गोपनीयता आणि तिच्या मर्यादा

रुग्णपत्रक रुग्णास खुले आणि इतरांस बंद असावे. रुग्णाने मागितल्यास त्याच्या कागदपत्रांच्या प्रती नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने ‘रघुनाथ रहेजा’ प्रकरणात (1996) सांगितले. एचआयव्हीबाधिताची माहिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. संगणकातील वा भ्रमणध्वनीतील नोंदी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 च्या कक्षेत येतात. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत.

तथापि न्यायालयाने विचारल्यास वैद्याला वकिलासारखे मौन बाळगता येत नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. क्षयरुग्णाची नोंदही शासनाकडे करावी लागते.

आचरणात काय आणावे?

1. लक्षणे, निदान, औषध, मात्रा, पथ्य आणि दिनांक त्याच वेळी लिहावेत; मागाहून खाडाखोड करू नये.
2. पंचकर्म, क्षारसूत्र यांपूर्वी संभाव्य उपद्रव मराठीत समजावून लेखी संमती घ्यावी.
3. रुग्ण मोठ्या रुग्णालयाकडे पाठविल्यास वेळ व कारण नोंदवावे.
4. खाजगी प्रश्न इतर रुग्णांसमोर विचारू नयेत. निदान पडद्याची सोय करावी.
5. औषध दुकानदारांनी चिठ्ठी मोठ्याने वाचू नये, रुग्णांची यादी कंपनीच्या प्रतिनिधीस देऊ नये आणि बिलावर बॅच क्रमांक लिहावा.
6. रुग्णाचे छायाचित्र वा अहवाल व्यावसायिक गटात पाठविण्यापूर्वी संमती घ्यावी व नाव झाकावे.

दोन ओळी लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. त्या ओळी नसल्या, तर योग्य चिकित्सा करूनही ती सिद्ध करणे वैद्यास कठीण जाते. आणि त्याच ओळी परक्याच्या हाती पडल्या, तर रुग्णाचा विश्वास परत मिळत नाही. सर्व वैद्यबंधु-भगिनींनी आणि औषध दुकानदारांनी आपल्या नोंदी या दोन्ही दृष्टींनी एकदा तपासून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे.